तात्यांची बुधली

गेल्या महिन्यात मी घरी कांदाभजी तळली, तेव्हा शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, "रंगकाम काढलंय का हो?"

बायको दोन दिवस नरसिंहपूरला बहिणीकडे गेली होती. भजी करण्यासारखं दुसरं काही निमित्त नव्हतं, पण माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं. शेंगदाण्याच्या तेलाचा डबा काही सापडेना. (तो ओट्यावर समोरच होता, हे मला नंतर दाखवण्यात आलं.) मग मी फडताळात मागे ठेवलेली काचेची बाटली काढली आणि अख्खी कढईत रिकामी केली. तेल तापलं तसा आधी मासळीसारखा आणि मग नव्या दाराला वार्निश लावल्यासारखा वास घरभर झाला. भजी दिसायला झकास उतरली. एक तोंडात टाकलं आणि आपण आपल्याच घराचं दार चावतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायको आली ती जिन्यातच थांबली. आत येऊन म्हणाली, "कुठलं तेल घेतलंत?"

मी रिकामी बाटली पुढे केली. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर मोठ्या, वाकड्या, पण अगदी स्पष्ट अक्षरांत लिहिलं होतं : जवस. आग दाखवू नये. मी तेवीस वर्षं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करतो. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणं हेच माझं काम.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण बाटली उजेडात धरून ती एवढंच म्हणाली, "तात्यांची शेवटची होती ही."

तात्यांचं इंदापुरात जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, पुढे पुढे घरोघरच्या इन्व्हर्टरच्या. बॅटरी फोडायची, सडलेल्या प्लेटा काढायच्या, नव्या बसवायच्या, लोखंडी पळीत शिसं वितळवून जोड द्यायचे, ॲसिड भरून चार्जिंगला लावायची. त्या दुकानाला लागून आमच्या लॅबचं रक्त घ्यायचं केंद्र होतं. मुख्य लॅब बारामतीला. मी बारामतीहून रोज यायचो, सकाळी इथे लोकांच्या हातातून रक्त काढायचो आणि दुपारच्या एसटीने बारामतीला पाठवायचो. पांढरा कोट असल्यामुळे आसपासचे लोक मला डॉक्टर म्हणत. मी ते कधी नाकारलं नाही. तात्याही डॉक्टरच म्हणत, पण त्यांच्या तोंडी तो शब्द आला की आपली फिरकी घेतली जातेय हे लगेच कळायचं.

पहिल्याच दिवशी मी चहाचा कप घेऊन त्यांच्या दुकानात शिरायला गेलो, तर ते केवढ्यानं ओरडले, "उंबऱ्याबाहेर! डॉक्टर हाय का कोण हाय? शिशाच्या दुकानात चहा पितंय व्हय कुणी?"

दुकानात खायचं नाही, प्यायचं नाही, नाकाला फडकं बांधल्याशिवाय शिसं वितळवायचं नाही. दुकानातले कपडे दुकानातच. संध्याकाळी मागच्या मोरीत अंघोळ करायची, दुसरे कपडे, दुसरी चप्पल, मग गाडीला किक मारून शेळगावला घरी. हात धुवायचे ते तीन वेळा. एकदा राखेनं, एकदा साबणानं, एकदा डाळीच्या पिठानं. तिन्ही डबे ओळीनं मांडलेले. घाईचा कोणी ट्रक ड्रायव्हर हातात चावी खेळवत उभा असला, तरी तिनाचे दोन कधी झाले नाहीत.

"शिसं लई गरीब दिसतंय," ते म्हणायचे. "वास न्हाय, आवाज न्हाय. ॲसिड बरं, लगीच चटका देतंय. हे गपचिप येऊन डोक्यात बसतंय आन मग आतली एकेक वस्तू भाईर टाकतंय."

ज्यांच्या हाताखाली ते बारामतीत काम शिकले, त्या मिस्त्रींचं तसंच झालं होतं. हात कापायला लागले, मग शर्टाची बटणं लावता येईनात, शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला "आपण कुठल्या गावच्या?" म्हणून विचारायचे. तात्या रोज दुपारी जाऊन त्यांना जेवू घालायचे. त्या वर्षात कुणीतरी, बहुतेक तेलाच्या घाण्यावरच्याच माणसानं, त्यांना सांगितलं की मेंदू म्हणजे निम्मीशिम्मी चरबी. त्याला चांगलं तेल मिळत राहिलं की वाईट धातू आत शिरत नाही. पुढे कुठल्याशा पेपरात तेल आणि मेंदू असा लेख आला, तो कापून त्यांनी दुकानात चिकटवला. ॲसिडच्या वाफेनं तो पिवळा पडला, अक्षरं गेली, पण भिंतीवर राहिला.

तेव्हापासून जवस. शेळगावच्या शेतात हरभऱ्याच्या कडेनं ते जवसाच्या दोन ओळी पेरत. दर उन्हाळ्यात पोतं घेऊन बारामतीला लाकडी घाण्यावर जात आणि तेल निघेस्तोवर समोर बसून राहत. रोज सकाळी एक मोठा चमचा स्वतः पीत. बॅटरी घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकालाही उंबऱ्याबाहेर उभं करून एक चमचा. नको म्हटलं तर, "मग बॅटरी बी घिऊन जा." ट्रॅक्टरवाले हसायचे. एक जण म्हणाला, "तात्या, बॅटरीत ॲसिड आन माणसात त्याल, अदलाबदल झाली एखाद्या दिशी म्हंजे?" तात्या म्हणाले, "तुझ्यात काय बी वतलं तरी चार्ज हुनार न्हाईस."

मेंदू शाबूत आहे की नाही याची परीक्षाही ते रोज घेत. सकाळी शटर वर केलं की दुकानासमोर उभं राहून मोठ्यानं एसटीचे थांबे म्हणायचे. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव, इंदापूर. मग उलटे, इंदापूरपासून बारामतीपर्यंत. मी परीक्षक. एकदा मीच गुंगीत म्हणालो, "तात्या, बेलवाडी राहिलं." राहिलं नव्हतं. त्यांनी मला तिथल्या तिथे दोन चमचे पाजले.

आता बुधलीचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच एवढा वेळ भज्यांभोवती घुटमळलो.

तात्यांच्या घरी तेल ठेवायची एक पितळी बुधली होती. पोट मोठं, मान बारीक, त्यांच्या आईच्या माहेरून आलेली. एका उन्हाळ्यात ती बुडाशी झिरपायला लागली. तात्या ती दुकानात घेऊन आले. मी आपला रिकामाच होतो, लुडबुडायला गेलो. नाकाला फडकं बांधलं, हा त्यांचा नियम मी मोठ्या ऐटीत पाळला. तात्यांनी पळीत शिसं वितळवलं. मी दोन्ही हातांत जाड चिंध्या घेऊन बुधली सरळ धरली आणि त्यांनी वरून, त्या बारीक मानेतून, आत शिसं ओतलं. बुडाशी ते पसरलं, चमकलं आणि थिजलं.

माझ्यासारख्या लॅबवाल्याच्याही डोक्यात त्या वेळी काहीतरी खटकलं, हे मला नीट आठवतं. मी म्हणालोही, "तात्या, आत शिसं चालतं का?"

ते हसले. "आवो डॉक्टर, ज्या तेलाला शिसं भ्यातंय, त्या तेलात शिसं काय करनार?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, वा म्हटलं. घरी जाऊन बायकोलाही कौतुकानं सांगितलं. बुधली गळायची थांबली, तात्यांनी तिच्यात वर्षाचं तेल भरून ठेवलं.

त्याच वर्षी दिवाळीत त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा पुण्यात नोकरीला, ही सातव्या महिन्यात. तात्यांना एकच लेक, तीही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. तात्यांनी घरातले नियम दुप्पट केले. दुकानातून अंघोळ करून गेले तरी घरी पुन्हा अंघोळ करत आणि मगच लेकीसमोर जात. आणि रोज सकाळी तिला बुधलीतल्या तेलाचा एक चमचा. तिला ते आवडायचं नाही. ती नाक दाबून प्यायची आणि म्हणायची, "तात्या, हे बाळ बॅटरीवर चालनार हाय का?"

"मेंदूवर चालंल," तात्या म्हणायचे. "त्याचं बांधकाम आत्ता चालू हाय. सामान आत्ताच पोचवाय पायजे."

आणखी एक गोष्ट त्यांनी जाहीर करून टाकली होती. बाळाची टाळू ते स्वतः भरणार. आपल्याकडे न्हाऊ घालताना बाळाच्या टाळूच्या मऊ जागेवर तेल घालतात, ते काम आजीचं किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईचं. हल्ली दवाखान्यात फार तेल घालू नका म्हणतात. आजोबानं टाळू भरल्याचं कुणी ऐकलेलं नाही. काकी, म्हणजे तात्यांची बायको, लाजून लाल झाल्या. "आवो, बायका हसतील मला!" पण तात्यांचं ठरलेलं. "मेंदूचं दार जन्मात येकदाच उगडं असतंय. तवाच हातानं त्याल घालायचं. तीस वरीस ह्या हातांनी शिसं हाताळलं, येवढं तरी करू दे."

मध्ये मी माझी अक्कल पाजळली. रोजच्या चमच्यांना वैतागून म्हणालो, "तात्या, तेलाचा एवढा भरवसा आहे तर एकदा रक्तातलं शिसं तपासू या की."

त्यांनी तिथल्या तिथे बाही वर केली. "काढा. भांडं भरून काढा."

ही तपासणी बारामतीतही होत नव्हती, पुढे पाठवावी लागली. आठवड्यानं कागद आला. आकडा जास्त होता, बराच जास्त. मी तो बारामतीच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "बॅटरीवाल्याचा येणारच. घरात कुणी पोटुशी नाही ना?"

मी म्हणालो, "आहे."

"मग तिचं रक्त आजच घ्या."

तात्यांना मी हे दुकानाच्या उंबऱ्यावर सांगितलं. स्वतःच्या आकड्यानं ते हलले नव्हते. "रक्तात असंल. डोक्यात न्हाय. थांबे म्हनून दावू का?" पण लेकीचं रक्त म्हटल्यावर त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि नंतर ती किती तरी वेळ शोधत बसले. पळी समोरच होती.

लेकीचा कागद आला त्या दिवशी आम्ही चौघं डॉक्टरांपुढे बसलो होतो. तात्या, काकी, लेक आणि मी. आकडा तात्यांच्या निम्म्याहून कमी, पण दुकानाची पायरीही न चढलेल्या बाईच्या रक्तात असायला नको तेवढा. डॉक्टरांनी नळाचं पाणी विचारलं, घराचा रंग विचारला, जुनी भांडी विचारली. तात्या एकेकाला उत्तर देत होते. कपडे दुकानात काढतो. हात तीनदा धुतो. घरात येऊन परत अंघोळ करतो.

डॉक्टर म्हणाले, "बरं. माहेरी आल्यापासून हिच्या पोटात रोज नवीन काय जातं, तेवढं सांगा."

लेक सहज बोलून गेली, "काय न्हाय. सकाळी तात्यांचं त्याल."

त्या क्षणी मला सगळं कळलं. चिंध्या, बारीक मान, बुडाशी पसरलेली चकाकी. आणि मी काय केलं, तर वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिलो. जसा काही मी पंखा दुरुस्त करायला आलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "तेल कशात ठेवता?"

तात्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले होते आणि तळव्यांकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "बुधलीत. बुडाला आतनं शिसं वतलंय. मी."

मी म्हणालो नाही, "बुधली मी धरली होती." आजवर म्हणालो नाही. त्यांनीही कधी म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. परतीच्या वाटेवर लासुर्ण्याला गाडी थांबवून लेकीसाठी शहाळं घेताना त्यांनी माझ्याही हातात एक दिलं. मला ते प्यायलं गेलं नाही.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, "तेलाचा राग करू नका. जवस चांगलंच. असल्या तेलांनी मेंदूला काही आधार मिळतो का, हे बघायचं काम चालूच असतं. पण तेल म्हणजे काही दारावरचा वॉचमन नाही. शिसं आत येऊच न देणं हा एकच खरा उपाय. दोन महिने गेलेत, लवकर सापडलं. आता थांबलं. बाळ झाल्यावर त्याचंही बघत राहू." बघत राहू, एवढंच. होईल म्हणाले नाहीत, होणार नाही असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दुकान बंद केलं. बंद म्हणजे कायमचं. लोकांच्या बॅटऱ्या ज्याच्या त्याला परत दिल्या, शिसं उचलायला माणूस बोलावला. बुधली त्यांनी त्यालाच दिली. आत तेल राहिलेलं होतं. "ह्याला दिव्यात बी घालू नगा," एवढं तीनदा बजावून सांगितलं.

मुलगी झाली. चांगली, रडकी, वजनदार. बाराव्या दिवशी बारशाला मी आणि बायको शेळगावला गेलो. न्हाणीत काकींनी पोर पायावर घेतली, नवं तेल काचेच्या वाटीत ठेवलं, आणि हाक मारली, "आवो, या की आता. बायका हसल्या तर हसल्या."

तात्या उंबऱ्यापाशी आले, पण आत आले नाहीत. हात पाठीमागे बांधलेले. "तूच भर," म्हणाले. "माजं हात धुतलं तरी निगत न्हाय."

त्यानंतर चार वर्षं त्यांनी नातीला हात लावला नाही. पोर रांगत मांडीपाशी आली तर ते उठून उभे राहायचे. तिच्या रक्ताचे कागद मात्र दर खेपेला माझ्याकडून वाचून घ्यायचे. पहिला आकडा थोडा जास्त होता, मग उतरत गेला. डॉक्टर म्हणाले पोर छान आहे. पोर पुण्याहून आली की दिवसभर बोलायची, सगळ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, न विचारलेल्यांनासुद्धा. ती नीट बोलते, नीट चालते हे तात्या दुरून बघायचे. शिक्षकानं वर्गात मागे बसून बघावं तसं.

जवस त्यांनी सोडलं नाही. घाण्यावर जायचे, पण आता तेल काचेच्या बाटल्यांत, प्रत्येकीवर स्वतः चिठ्ठी चिकटवून लोकांना द्यायचे. आमच्या वाट्याला वर्षाला दोन. थांब्यांची परीक्षाही चालू राहिली, फक्त फोनवर. सकाळी साडेसातला मी दाढी करत असताना फोन यायचा आणि ते सुरू करायचे. मागच्या वर्षी एकदा म्हणाले, "बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव, इंदापूर." मी वाट बघितली. पलीकडून विचारलं, "पास?"

स्वतःचं गाव राहिलं होतं. मी म्हणालो, "पास, तात्या."

मग आणखी थांबे गळत गेले. वयानं म्हणा, शिशानं म्हणा, डॉक्टरांना नक्की सांगता येईना. मग फोन बंद झाला. आणि मी, रोज जाता-येता शेळगावच्या फाट्यावरून जाणारा माणूस, आत वळायचं टाळायला लागलो. कामाचा व्याप आहे असं बायकोला सांगायचो. आमच्या लॅबमध्ये एवढा व्याप कधीच नव्हता.

भज्यांच्या त्या प्रकारानंतर बायकोनं बाटली धुतली, पुसली आणि म्हणाली, "रविवारी शेळगावला जायचं. मी येतेय."

आम्ही गेलो तेव्हा तात्या पडवीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते. मला बघून हसले, पण डॉक्टर म्हणाले नाहीत. "पाव्हणं कुटनं आलात?" असं विचारलं. काकींनी डोळ्याला पदर लावला. लेक नातीला घेऊन सुट्टीला आलेली होती. नात पायरीवर बसून कसलंसं चित्र रंगवत होती.

मग मी आपलं म्हणालो, "तात्या, थांबे म्हणा की."

त्यांनी डोळे मिटले. "बारामती... काटेवाडी... लासुर्णे..." मग बोटांवर काहीतरी मोजलं. "इंदापूर."

"सनसर, बेलवाडी, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव राहिलं!" चित्रावरून मान न उचलता नात म्हणाली. "शेळगाव तर आपलंच हाय, तात्या!"

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले. मग काकींना म्हणाले, "टाळू भरली का गं हिची?"

काकी गडबडल्या. "आवो, ती केवढी झाली आता..."

"न्हाय भरली," तात्या म्हणाले आणि उठले. लेक पुढे होऊ बघत होती, काकींनी तिला हातानं थांबवलं. ते सावकाश परसात गेले. मी खुर्चीतच बसून राहिलो. पुन्हा वर बघायला पंखा शोधत होतो, पण पडवीला पंखा नव्हता. बायको त्यांच्यामागे गेली. मला वाटलं, पडतील बिडतील म्हणून सांभाळायला गेली असेल. बऱ्याच वेळानं ते आले, फडताळातून बाटली काढली, डाव्या तळव्यावर थोडं तेल घेतलं आणि पायरीवर नातीशेजारी बसले. तिच्या डोक्यावर, जिथे दार कधीच बंद झालं होतं, तिथे त्यांनी बोटांनी तेल जिरवलं. हळूहळू, गोल. नेहमी बडबडणारी पोर एकदाही हलली नाही. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

परतताना बायको मागे बसली होती. अंथुर्णे गेलं, लासुर्णे गेलं. मी म्हणालो, "विसरले म्हणून बरं झालं गं. हात का लावायचा नाही, हेच विसरले. म्हणून तरी लावला."

बेलवाडीच्या अलीकडे ती म्हणाली,

"काही विसरले नाहीत. परसात राख, साबण, पीठ. तीनदा धुतले हात. तिसऱ्यांदा मी पाणी घातलं."